घरकामाचे स्टार

संपादक महोदय,

सध्या आमच्या सोसायटीत बऱ्याच घरी फ्रिजवर स्टार चार्ट लागलेत, आमच्याकडेही होता, म्हणून लिहितेय. ताटं घेतली एक स्टार, कपड्यांच्या घड्या केल्या दोन, वीस झाले की आईस्क्रीम. पहिले पंधरा दिवस मुलगी न सांगता उठून कामं करायची, मलाही बरं वाटलं. मग एकदा सासूबाईंना ठसका लागला, मी म्हटलं पाणी दे गं आजीला पटकन, तर तांब्या हातात धरून तिने विचारलं, "याचे किती?" सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार लागलं ते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला होता, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर नंतर तीच मुलं आपणहून चित्रं काढायला इतर मुलांच्या साधारण निम्माच वेळ देऊ लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. घरकाम म्हणजे चित्रकला नव्हे हे मान्य, कंटाळवाण्या कामाला सुरुवातीला थोडं आमिष चालत असेलही, पण जेवल्यावर आपलं ताट उचलणं, आजीला पाणी देणं याचे स्टार नकोतच.

आम्ही चार्ट काढला. आठवडाभर कुरकुर झाली, आता रविवारी दोघी मिळून शेंगा सोलतो आणि तिच्या शाळेतल्या गप्पा तेव्हाच निघतात.

– एक आई, ठाणे