गेडीस आधी चालत असत

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबले, कारण तुझा प्रश्न चार ओळींत उरकण्यासारखा नव्हता. नगररचनेची नोकरी सोडून पूर्णवेळ संशोधनाकडे वळावे असे तुझ्या मनात आहे. मात्र या विषयाचा नुसता अभ्यास करणाऱ्या माणसाच्या मागे उभे असे काय राहते, ही शंका तुला सोडत नाही. माझ्याकडे याचे उत्तर नाही, पण एका माणसाची हकिकत आहे. गेले काही महिने मी स्कॉटिश नगरनियोजक पॅट्रिक गेडीस यांचे भारतातल्या शहरांवरचे अहवाल वाचत आहे. आपल्या अभ्यासक्रमात त्यांचे नाव दोन ओळींत आटोपले होते, त्यामुळे पुढचे तुला बरेचसे नवे वाटेल.

आधी हे सांगून टाकतो की गेडीस यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती. १८५४ साली स्कॉटलंडमधल्या बॅलेटर इथे त्यांचा जन्म झाला आणि बालपण पर्थजवळच्या टेकडीवर गेले. एडिंबरोच्या विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र शिकायला गेले आणि आठवडाभरात बाहेर पडले. मग लंडनला नामवंत जीवशास्त्रज्ञ हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. मेक्सिकोत संशोधनासाठी गेले असताना १८७९ साली आजारपणात त्यांची दृष्टी काही काळ गेली. डोळे बांधून अंधाऱ्या खोलीत पडून असताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपत त्यांनी विचार चौकोनांत मांडण्याची एक पद्धत बसवली, आणि पुढे आयुष्यभर कागदाच्या घड्या घालून ती लोकांना समजावली. (त्या घड्या मला आजही उलगडत नाहीत, आणि त्यांच्या समकालीनांपैकी अनेकांनाही उलगडत नसत, हे वाचून मला थोडे बरे वाटले.) दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास डोळा लावून बसण्याचे काम कायमचे सुटले. वनस्पतीच्या पेशीऐवजी मग त्यांनी शहर पाहायला घेतले, पण नजर वनस्पतिशास्त्रज्ञाचीच ठेवली: एखादा जीव जिथे वाढतो ती जागा, तो तिथे काय करून जगतो आणि त्याच्या सोबतीला कोण असते, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी काही बोलायचे नाही. फ्रेंच अभ्यासक ल प्ले यांच्याकडून घेतलेले स्थळ, काम आणि लोक हे त्यांचे त्रिकूट त्यांच्या हाती असे रुजले.

१८८६ साली लग्न झाल्यावर ते आणि त्यांची पत्नी ॲना एडिंबरोच्या चांगल्या वस्तीतून उठून जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या दाटीच्या, पडझड झालेल्या चाळवजा वस्तीत राहायला गेले. तिथे त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने भिंती घासल्या, चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली, आणि पुढे तशाच जुन्या इमारती दुरुस्त करून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवली. १८८८ पासून डंडी इथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले, तेही एका स्नेह्याने देणगी देऊन निर्माण केलेले, आणि शिकवायचे फक्त उन्हाळी सत्रात. उरलेले वर्ष मोकळे. अशी नोकरी तुला मिळाली, तर हे पत्र लिहिण्याची गरजच उरणार नाही!

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग १९१४ नंतरचा आहे. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. सोबत यायचे होते ते शहरांवरचे नकाशे-चित्रांचे मोठे प्रदर्शन, ज्याला आदल्या वर्षी बेल्जियममधल्या गेंट इथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. ते घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवले. साठाव्या वर्षी, अनेक वर्षे जमवलेले साहित्य समुद्रात गेल्यावर, या माणसाने नव्याने जुळवाजुळव करून काही महिन्यांतच मद्रासला प्रदर्शन मांडले.

तेव्हाच्या भारतातल्या नगरसुधारणेची पार्श्वभूमी तुला ठाऊकच आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधारणा न्यास स्थापन झाला आणि दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढले की हवा-उजेड खेळेल व रोग हटेल, अशी त्या काळची समजूत रूढ झाली. गेडीस यांचा आक्षेप साधा होता: ज्यांची घरे पाडली ते लोक हवेत विरून जात नाहीत, ते शेजारच्या वस्तीत जाऊन शिरतात, तिथली दाटी वाढते, आणि वर्षा-दोन वर्षांत तीही वस्ती पाडण्याच्या यादीत येते. त्यांनी सुचवलेल्या उपायाला त्यांनी शस्त्रक्रियेचेच नाव दिले, पण जपून केलेल्या शस्त्रक्रियेचे. वस्तीतल्या प्रत्येक बोळातून चालायचे. पडीक घर, मोकळा तुकडा, झाड, देऊळ, विहीर सगळे नकाशावर टिपायचे. मग राहण्याजोगे न उरलेले एखादे घर काढून तिथे छोटा चौक करायचा, कुठे एखादा कोपरा छाटून बोळ मोकळा करायचा, झाड लावायचे, आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. तंजावरच्या अहवालात त्यांनी दाखवून दिले की नियोजित सरळ रस्त्यांपेक्षा या मार्गाने खर्चही कितीतरी कमी येतो.

हे वाचताना मला माझीच एक रेषा आठवली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका गावच्या विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा आखली होती, टेबलावर बसून, जागा न पाहता. आठवड्याने मोजणीदार परत येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्या रस्त्यात विहीर आहे, आणि बायका पाणी भरताहेत." नकाशा जुना होता, त्यात विहीर नव्हती. रेषा मी सरकवली, पण मोजणीदार गेला नसता तर ती तशीच मंजूर झाली असती. गेडीस यांनी तलावांविषयी लिहिलेले वाचून तर मी अधिकच ओशाळलो. हिवतापाच्या भीतीने गावोगावचे तलाव बुजवण्याची टूम तेव्हा निघाली होती. त्यांनी म्हटले, तलाव ठेवा, त्यात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील, आणि पाण्याने आसपासची हवाही थंड राहील. 'शाश्वत' हा शब्द आज प्रत्येक प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर असतो. त्यांच्याकडे तो शब्द नव्हता, तलाव मात्र होता.

इंदूरची गोष्ट तू ऐकली असशील, तरी सांगतो, कारण ती मला फार आवडते. मात्र ती त्यांच्याकडूनच पसरलेली आहे, तेव्हा थोडी फोडणी गृहीत धर. दरबारासाठी शहराचा अहवाल करताना त्यांनी महाराजांकडून एका दिवसाचे अधिकार मागून घेतले आणि जाहीर केले की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यावरचे लोक घरे-दारे सर्वांत चांगली झाडतील-रंगवतील त्या रस्त्याने जाईल. मग गल्लीगल्लीत चढाओढ लागली आणि गाड्यांवर गाड्या भरून कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि तुळशीची रोपे वाटली. प्लेग ओसरला, त्यात ऋतूचाही वाटा असणार. पण शहर स्वच्छ झाले ते दंडाच्या नोटिसांनी झाले नाही, एवढे मी मान्य करतो.

हे सगळे चालू असताना १९१७ साली त्यांचा थोरला मुलगा ॲलस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला, आणि इथे आजारी असलेल्या ॲना काही आठवड्यांत विषमज्वराने गेल्या. मुलगा गेल्याचे ॲना यांना शेवटपर्यंत कळले नव्हते. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल त्यानंतरच्या वर्षी, १९१८ साली, प्रसिद्ध झाला. या विषयी मला आणखी काही लिहिता येत नाही.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडीस. प्राध्यापक म्हणून ते बहुधा अवघडच असावेत: दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, एका विषयातून तिसऱ्यात शिरत, आणि लिहिताना वाक्य संपवण्याचे विसरत. त्यांच्या भारतातल्या पन्नासच्या आसपास अहवालांपैकी बहुतेक दप्तरात पडून राहिले. त्यांचा मोठा दोष मला हा वाटतो की राजे आणि गव्हर्नर यांच्या सदिच्छेवर त्यांनी फार भरवसा ठेवला. राजाची मर्जी फिरली की त्यांचा आराखडा टिकवून धरील अशी कोणतीच यंत्रणा त्यांच्या मागे नव्हती. तू नोकरीत आहेस, फाईल कशी पुढे सरकते हे तुला ठाऊक आहे, आणि हे ज्ञान त्यांच्याकडे नव्हते. ते सोडून देण्याआधी विचार कर.

पण मुंबईच्या त्याच विभागातून समाजशास्त्रज्ञ घुर्ये पुढे आले, ज्यांना गेडीस यांनीच इंग्लंडला पाठवण्यासाठी निवडले होते, आणि १९२४ पासून तो विभाग त्यांनी सांभाळला. अमेरिकेत शहरांवर लिहिणारे लेखक लुइस ममफर्ड गेडीस यांना गुरू मानत राहिले. तेल अवीवसाठी त्यांनी १९२५ साली केलेला आराखडा मात्र बऱ्याच अंशी खरोखर बांधला गेला: वाहनांसाठी रुंद रस्ते बाहेरून, आत अरुंद शांत गल्ल्या, आणि घरांच्या गटांच्या मधोमध लहान बागा. तेव्हा उभे राहिलेले काही दाखवायचेच असेल, तर तेही आहे.

इंदूरच्या अहवालाच्या छायाप्रती मी तुझ्यासाठी बांधून ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा घेऊन जा. पहिला खंड सावकाश वाच, गल्ल्यांची वर्णने तर नकाशा शेजारी ठेवून वाच. दुसऱ्या खंडात एका नियोजित विद्यापीठाविषयी पानेच्या पाने आहेत. ती वगळलीस तरी चालेल. मीही अर्ध्यावर सोडली आहेत.

तुझा,
विनायक