बेसबॉलची नुसती धावसंख्या अर्धाच सामना सांगते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या बातम्या मराठी क्रीडा पानांवर अधूनमधून दिसतात, ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची मालिका सुरू झाली की जरा जास्तच. सामना चालू असताना आपसात त्याची चर्चा करणारे मराठी प्रेक्षकही आहेत. बातमी आणि चर्चा, दोन्हींत एकच उणीव जाणवते. सगळ्यांची नजर धावसंख्येवर असते आणि सामना नेमका कुठे उभा आहे हे कुणी सांगत नाही. क्रिकेटमध्ये '१५ षटकांत ३ बाद १२०' एवढे वाचले तरी पुरते, कारण किती खर्ची पडले आणि किती हाताशी उरले हे त्यातच येते. बेसबॉलच्या '३-२' मध्ये यातले काहीच नसते.

चालू सामन्याबद्दल बोलताना निदान पाच गोष्टी हव्यात. इनिंग कितवी आणि तिचा वरचा भाग की खालचा (पाहुणा संघ आधी, म्हणजे वरच्या भागात फलंदाजी करतो, यजमान खालच्या भागात). आउट किती (तीन झाले की तो भाग संपतो). धावपटू कोणकोणत्या बेसवर (तिन्ही बेस पार करून घरी, म्हणजे जिथून फलंदाजी होते तिथे परतला की एक धाव). बॅटरचा (फलंदाजाचा) काउंट, म्हणजे बॉल आणि स्ट्राइक यांची मोजणी, काय (झोनबाहेरचा न खेळलेला चेंडू बॉल; झोनमधला सोडलेला किंवा खेळून हुकलेला स्ट्राइक; चार बॉलला बॅटर पहिल्या बेसवर, तीन स्ट्राइकला आउट). आणि पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) आतापर्यंत किती चेंडू टाकले. धावसंख्या या सगळ्यानंतर.

यातल्या आउट आणि बेस या दोन गोष्टींचे मोल सर्वांत जास्त. शून्य, एक किंवा दोन आउट आणि बेस भरण्याच्या आठ तऱ्हा मिळून एकूण २४ परिस्थिती होतात. हजारो सामन्यांच्या नोंदींवरून प्रत्येक परिस्थितीत इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात याचा तक्ता अभ्यासकांनी केला आहे. बेस रिकामे आणि शून्य आउट असतील तर सुमारे अर्धी धाव. तिन्ही बेस भरलेले आणि शून्य आउट असतील तर सव्वादोनच्या आसपास. तरीही अशा भरल्या बेसवर एकही धाव होत नाही, असे साधारण सातात एकदा घडतेच. त्यामुळे 'आता चार धावा नक्की' असे लिहिणाऱ्याने जरा दमाने घ्यावे.

याच तक्त्यावरून बंटचा (बॅट नुसती आडवी धरून चेंडू जवळच थोपवण्याचा) वादही समजतो. पहिल्या बेसवर धावपटू आणि शून्य आउट असताना सरासरी अपेक्षा ०.९ च्या आसपास असते. बंट करून धावपटू दुसऱ्या बेसवर सरकवला आणि एक आउट दिला, तर ती ०.७ च्या आसपास येते. म्हणजे डाव 'यशस्वी' होऊनही संघ तोट्यात. मात्र दुसऱ्या बेसवर धावपटू आहे, शून्य आउट आहेत आणि जिंकायला एकच धाव हवी आहे, तेव्हा त्याला तिसऱ्या बेसवर नेण्यात अर्थ असतो. मग साध्या उंच फटक्यावरही, झेल गेल्यावर पळून, तो घरी येऊ शकतो. नियमित हंगामात दहाव्या इनिंगपासून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दुसऱ्या बेसवर आपोआप एक धावपटू ठेवतात. हा नियम २०२० मध्ये आला आणि २०२३ मध्ये कायम झाला. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) तो लागू नाही. ऑक्टोबरातला सामना लांबला की 'धावपटू का ठेवला नाही?' हा प्रश्न हमखास येतो, त्याचे उत्तर हेच.

आता एक उदाहरण जवळून पाहू. २५ ऑक्टोबर २०२४, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, लॉस एंजेलिस. बातमी एका ओळीची होऊ शकते: डॉजर्स ६, यांकीज ३. इनिंगवार धावा मात्र अशा:

यांकीज: ० ० ० ० ० २ ० ० ० १, एकूण ३
डॉजर्स: ० ० ० ० १ ० ० १ ० ४, एकूण ६

एवढ्या दोन ओळींत सामना दोनदा फिरला, बरोबरीत आला, लांबला आणि शेवटच्या घासाला उलटला, हे सगळे दिसते. तरी शेवटच्या त्या '४' च्या पोटात काय होते ते पाहण्यासारखे आहे. दहाव्या इनिंगच्या खालच्या भागात यांकीज ३-२ पुढे होते. एक आउट झाला होता. डॉजर्सचे गॅव्हिन लक्स चार बॉल मिळवून आणि टॉमी एडमन इनफिल्डमधल्या (बेसजवळच्या भागातल्या) सिंगलवर, म्हणजे एका बेसच्या फटक्यावर, बेसवर पोहोचले होते, म्हणजे पहिला आणि दुसरा बेस भरलेला. बॅटला शोहेई ओतानी, तो डावखुरा. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सहसा जड जातो, म्हणून यांकीजने पिचर जेक कझिन्सला काढून डावखुऱ्या नेस्टर कोर्टेसला आणले. दुखापतीमुळे तो महिन्याहून जास्त काळ सामन्यात उतरलेला नव्हता.

पहिल्याच चेंडूवर ओतानीचा फटका डावीकडे फाउल क्षेत्रात (रेषेबाहेर) उंच गेला. अ‍ॅलेक्स व्हर्डुगोने धावत जाऊन झेल घेतला आणि त्याच झोकात तो कठड्यावरून प्रेक्षकांत कोसळला. झेल वैध, दोन आउट. पण झेल घेऊन क्षेत्ररक्षक मैदानाबाहेर पडला तर प्रत्येक धावपटूला एक बेस पुढे मिळतो. त्यामुळे धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर गेले, पहिला बेस मोकळा झाला. यांकीजने उजव्या हाताच्या मुकी बेट्सला मुद्दाम चालत पाठवले, म्हणजे चार बॉल दिल्यासारखा पहिला बेस देऊन टाकला. त्यासाठी २०१७ पासून चेंडू टाकावे लागत नाहीत, नुसती खूण पुरते. आता तिन्ही बेस भरले आणि समोर डावखुरा फ्रेडी फ्रीमन. डावखुऱ्यासमोर डावखुरा, हिशेब कागदावर चोख. कोर्टेसचा पुढचा चेंडू फ्रीमनने प्रेक्षकांत भिरकावला. सामना संपवणारा ग्रँड स्लॅम (भरल्या बेसवरचा चार धावांचा होम रन) वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात त्याआधी झालाच नव्हता. कोर्टेसने एकूण चेंडू टाकले दोन.

फ्रीमनसाठी आणखी एखादा पिचर का आणला नाही, असे अनेकांच्या मनात येते. आणता आलाच नसता. २०२० पासूनच्या नियमानुसार नव्या पिचरला किमान तीन बॅटरना तरी सामोरे जावे लागते, किंवा तो भाग संपवावा लागतो. ओतानी, बेट्स, फ्रीमन हे ते तीन. तेव्हा टीका करायचीच असेल तर कोर्टेसला बोलावण्याच्या क्षणावर करावी. आणखी एक गंमत नोंदपुस्तकात आहे. पराभव एका पिचरच्या नावावर लिहितात; तो कोर्टेसच्या नावावर नाही, कझिन्सच्या नावावर आहे. जुन्या पिचरने बेसवर सोडलेले धावपटू घरी आले तर त्या धावा त्याच्याच खात्यात जातात, आणि विजयी धाव एडमनची होती. दुसऱ्या दिवशी फक्त आकडे पाहून कुणाला दोषी ठरवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

पिचर बदलण्यावरून जेवढी भांडणे होतात तेवढी दुसऱ्या कशावरूनही होत नसतील. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना आजही उगाळला जातो. टॅम्पा बे डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे, सहावी इनिंग, एक आउट. ब्लेक स्नेलने ७३ चेंडूंत नऊ स्ट्राइकआउट घेतले होते आणि ऑस्टिन बार्न्सचे सिंगल धरून दोनच हिट (बेस मिळवून देणारे फटके) दिले होते. त्या सिंगलनंतर व्यवस्थापक केव्हिन कॅशने त्याला काढले. पुढचे तिघे होते बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर. त्या दिवशी तिघेही स्नेलविरुद्ध दोन-दोनदा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. स्नेलच्या जागी निक अँडरसन आला. बेट्सचा डबल (दोन बेसचा फटका), मग वाइल्ड पिचवर (भरकटून निसटलेल्या चेंडूवर) बरोबरी, मग सीगरच्या ग्राउंडरवर (जमिनीवरच्या फटक्यावर) बेट्स घरी. डॉजर्सनी सामना ३-१ असा आणि त्याबरोबर अजिंक्यपदही जिंकले.

कॅशची भूमिका निराधार नव्हती. एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला सरासरीने जास्त चांगले खेळतात, हे आकड्यांत स्पष्ट दिसते. खटकतो तो दुसरा भाग. अँडरसनवर त्याआधीच्या सलग अनेक सामन्यांत धावा झालेल्या होत्या. 'याला का काढला?' एवढेच विचारून भागत नाही, 'कुणाला आणले आणि तो किती थकलेला होता?' हेही विचारावे लागते. एकदा काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय नवा पिचर तयार व्हायला बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत) काही मिनिटे सराव लागतो. कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) रेंगाळत पिचरकडे जाऊन बोलताना दिसला तर बुलपेनकडे पाहावे, बहुधा वेळ काढणे चालू असते. तसे किती वेळा जायचे यालाही मर्यादा आहे. २०२४ पासून नऊ इनिंगमध्ये चार भेटी.

काउंटबद्दल थोडेसे. आधी बॉल, मग स्ट्राइक. ३-१ म्हणजे पिचर अडचणीत, त्याला झोनमध्ये टाकावेच लागणार आणि बॅटर त्याचीच वाट पाहणार. १-३ असा काउंट असूच शकत नाही, तरी तो लिहिलेला दिसतो. ०-२ वर चेंडू झोनबाहेर गेला म्हणून 'पिचरचा नेम चुकला' म्हणू नये, तो बहुतेक वेळा आमिष म्हणून तिकडे टाकलेला असतो. दोन आउट, काउंट ३-२ आणि मागचे बेस भरलेले असतील तर धावपटू चेंडू सुटताच पळतात. बॉल पडला तर पुढचा बेस त्यांचाच आणि स्ट्राइक पडला तर इनिंगच संपली, तेव्हा थांबण्यात फायदा नाही. कधी चेंडू न टाकताच काउंट बदलतो, तो २०२३ मध्ये आलेल्या पिच क्लॉकमुळे. बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावपटू असेल तर आता १८ (पहिल्या वर्षी २० होते). पिचरने उशीर केला तर एक बॉल. घड्याळात ८ सेकंद उरेपर्यंत बॅटर सज्ज झाला नाही तर एक स्ट्राइक.

बॉल-स्ट्राइकच्या निर्णयांवरची ओरड २०२६ च्या हंगामापासून वेगळ्या वळणावर आहे. प्रत्येक संघाला दोन आव्हाने, अपील बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते. आव्हान फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरच देऊ शकतो, टोपीवर किंवा हेल्मेटवर थोपटून आणि तेही लगेच. डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) इशारा चालत नाही. म्हणून सातव्या-आठव्या इनिंगमध्ये कुणाकडे किती आव्हाने उरली आहेत हे चर्चेत सांगायला हवे. दुसऱ्याच इनिंगमध्ये दोन्ही उधळून बसलेल्या संघाला शेवटी हात चोळण्यापलीकडे काही करता येत नाही.

एकत्र चर्चा करणाऱ्यांसाठी एक साधी अडचण आणि तिचा उपाय. आकड्यांचा थेट धावफलक, रेडिओ आणि इंटरनेटवरचे चित्र एका वेळी पोहोचत नाही. चित्र काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत, कधी त्याहूनही मागे असते. एक जण 'गेला!' लिहितो तेव्हा दुसऱ्याच्या पडद्यावर पिचर अजून चेंडू चोळत असतो. मग कशाबद्दल काय बोलणे चालले आहे तेच कळत नाही. प्रत्येक नोंदीच्या आधी '८ खाली, १ आउट, १ व ३ वर धावपटू, २-२' एवढे लिहावे. हे लिहायला पाच सेकंद लागतात. मागे असलेल्यालाही तो मजकूर कुठल्या चेंडूचा आहे ते समजते, आणि सामना संपल्यावर तीच नोंद वाचनीय राहते.

तुमच्या क्रीडा विभागाकडे मागणी माफक आहे. जागा तीन ओळींची असेल तर दोन ओळी वरच्यासारख्या इनिंगवार धावांना द्याव्यात, शेवटी धावा, हिट आणि एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) हे तीन आकडे. यजमान संघाला नवव्या इनिंगमध्ये खेळावेच लागले नसेल तर त्या रकान्यात शून्य छापू नये, फुली छापावी. शून्याचा अर्थ खेळून धाव झाली नाही असा होतो. तिसऱ्या ओळीत निर्णायक क्षण, आउट आणि बेससह. हिट की एरर हा अधिकृत स्कोअररचा निर्णय सामन्यानंतरही बदलू शकतो. तसा तो बदलला तर दुसऱ्या दिवशी तेवढा आकडा दुरुस्त करून छापावा.

आपला,
एक वाचक