रांजण तुमचा, वाट कुणाची?

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

उजवा पाय उशीवर ठेवून नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरून लिहितोय. लिफ्ट नाही, त्यामुळे प्लास्टर निघेपर्यंत घरीच आहे. चौकशीला माणूस पाठवायचा तर हीच वेळ.

गेल्या वर्षी ठाण्यातल्या एका कार्यक्रमात घाटमाथ्यावरच्या वाटांना दिशादर्शक लावण्याचा शब्द आपण दिलात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्याच भरवशावर कोजागिरी झाल्यावर आम्ही चौघे निघालो: वैशाखऱ्याहून नाणेघाट, पुढे जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे, भीमाशंकर. चार दिवस, पाठीवर बारा-तेरा किलो.

वाटेत एका नाक्यावर पावती फाडली. माणशी प्रवेश आणि वर वाहन-शुल्क. वाहन कुठलं, विचारलं तर म्हणे, ‘सगळ्यांचंच घेतो.’ आलो होतो एसटीने! त्या दिवशी दीडशे तरी माणसं असतील. माणशी पन्नास धरा, नुसते शनिवार-रविवार धरा, वर्षाला पावणेआठ लाख होतात. मी वागळे इस्टेटमध्ये हिशेब लिहिण्यात जन्म घालवला. माझा आकडा अंदाजपंचे आहे, खरा तुम्ही छापा.

तिसऱ्या दिवशी ढाकोबा सोडला. गवत छातीएवढं, सोनकी फुललेली, वाट गडप. तेवढ्यात दगडावर ताजा पिवळा बाण दिसला. काय हायसं वाटलं! बाणाप्रमाणे उजवीकडे वळलो. वीस पावलांवर गवत संपलं आणि कडा. खाली मुरबाडची पिवळी पडलेली भातखाचरं. दचकून मागे फिरताना घोटा गेला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मी स्वतः ऐकला.

रेंज मिळाली ती नेमकी कड्याच्या टोकाशी. एका कार्यालयाने सांगितलं, जागा पुणे जिल्ह्यात. दुसऱ्याने विचारलं, ‘पडलात कुठल्या बाजूला?’ साहेब, खाली पडलो असतो तर ठाणे जिल्ह्यात गेलो असतो, तेवढं जमलं नाही.

शेवटी दुर्गवाडीच्या बाजूची गुरं वळणारी दोन माणसं आली. बांबूला घोंगडी बांधली, डोली केली आणि तीन तास मला वाहिलं. पैसे घेईनात. त्यांच्या घरापर्यंत धड रस्ता नाही आणि ते मला रस्त्याला लावत होते.

२०१८ मध्ये जुन्नर ‘पर्यटन तालुका’ झाला. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. कागद भरपूर झाले, स्ट्रेचर एक नाही. सातवाहनांनी नाणेघाटात जकातीची नाणी टाकायला दगडी रांजण ठेवला, पण आधी डोंगर फोडून वाट केली. तुम्ही रांजणापासून सुरुवात केलीत. आमच्या ठाण्यात तरी वेगळं काय आहे? कर आधी, खड्डा नंतर, आणि खड्ड्याशेजारी अभिनंदनाचा फलक, त्यावर फोटो कुणाचा ते सांगायला नको.

वाहन-शुल्काचा परतावा नको. तो बाण तेवढा आधी पुसा. माणूस नसेल तर कळवा, प्लास्टर निघालं की डबा-ब्रश घेऊन मीच जातो. पावती मात्र या खेपेला मागू नका.

आपला,
नौपाड्यातला एक लंगडा मतदार