समाजकार्य सन्मानासाठी नावे सुचवण्याबाबत स्मरणपत्र

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यवस्थापन संस्थेच्या ज्या माजी विद्यार्थ्यांच्या कामामुळे समाजाचे प्रत्यक्ष भले झाले आहे, त्यांचा सन्मान वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातील वार्षिक मेळाव्यात होणार असून, नावे सुचवण्याची मुदत या महिनाअखेरीस संपत आहे.

उदाहरणार्थ, अमेरिकेतील एमआयटीच्या स्लोन व्यवस्थापन विद्यालयात शिकलेले दीप जोशी यांनी १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रदान’ संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेऊन सुशिक्षित तरुणांना खेड्यांतील कामाशी जोडले आणि २००९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अर्थात, काम एवढे मोठे असावे अशी अट मुळीच नाही. दिघ्याच्या वस्तीत अभ्यासिका चालवणारा किंवा शहापुरातील बचत गटाचे हिशेब वर्षानुवर्षे सांभाळणारा सभासदही तितकाच पात्र आहे. किंबहुना अशीच नावे दरवर्षी मागे राहतात, याची मनापासून खंत वाटते.

काम किती वर्षे चालू आहे आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हे एका पानात लिहून, संबंधितांच्या संमतीसह कार्यवाहांकडे द्यावे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार कंपनीने सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) म्हणून केलेला खर्च वैयक्तिक कार्य म्हणून धरला जाणार नाही.

कार्यवाह,
माजी विद्यार्थी गट, ठाणे–नवी मुंबई