उपवासाच्या ताटातली अमेरिका

सोलापूर,
आषाढ शुद्ध द्वादशी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. काल फोनवर तुझ्या इराने विचारलं, ‘काका, साबुदाण्याचं झाड कसं दिसतं?’ आणि तेवढ्यात फोन कट झाला. उत्तर दोन वाक्यांत बसणारं नाही, म्हणून तुलाच सविस्तर लिहितोय. वाचून झालं की तिला तुझ्या पद्धतीने सांग.

साबुदाणा झाडाला लागत नाही. तो कारखान्यात तयार होतो. कसावा नावाचं कंदमूळ असतं, केरळात त्याला कप्पा म्हणतात. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तिथे कंद धुऊन, सोलून भरडतात, पाणी घालून गाळतात आणि ते दुधासारखं पाणी टाक्यांमध्ये ठेवून देतात. तळाशी पांढराशुभ्र साका बसतो. तो ओलसर साका कापडाच्या झोळीत घालून हलवत राहिलं की त्याच्या आपोआप गोळ्या वळतात. मग त्या चाळायच्या, तेलाचा हात फिरवलेल्या तव्यांवर शेकायच्या आणि उन्हात वाळवायच्या. म्हणजे साबुदाणा हा निव्वळ स्टार्च. भिजवण्याआधी तो तीनचारदा धुवायला आई सांगते ते याचसाठी: वरची पूड निघून गेली नाही की खिचडीचा लगदा होतो.

हे कंद मूळचे ब्राझीलकडचे. त्यातल्या कडू जातींमध्ये सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कच्चे खाल्ले तर जिवावर बेतेल. ॲमेझॉनच्या जंगलातल्या लोकांनी त्यावर हजारो वर्षांपूर्वी तोड काढली. कंद किसायचा, विणलेल्या लांब नळीसारख्या पिशवीत भरायचा, पिशवी टांगून खालून ताणायची. विषारी रस पिळून निघतो, उरलेला चोथा भाजून खायचा. कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय माणसांनी हे शोधून काढलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे हा कंद पोर्तुगीजांच्या काळात आला. एकोणिसाव्या शतकात दुष्काळात लोक जगावेत म्हणून केरळातल्या त्रावणकोर संस्थानच्या राजांनी त्याच्या लागवडीला जोर दिला. सेलमचे कारखाने तर दुसऱ्या महायुद्धात उभे राहिले. त्याआधी साबुदाणा मलायाकडून, म्हणजे आताच्या मलेशियाकडून यायचा, आणि तो एका जातीच्या ताडाच्या खोडातून काढलेला असायचा. युद्धामुळे ती आयात बंद पडली.

आता खिचडीत आणखी काय काय असतं ते बघ. शेंगदाणा बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाकडचा. बटाटा अँडीज पर्वतातला, तितिकाका सरोवराच्या आसपास हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. हिरवी मिरची मेक्सिकोची. कोलंबस अमेरिकेत पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० साली. ज्ञानेश्वरी तर १२९० ची. म्हणजे माउलींनी मिरची, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा यांतलं काहीच कधी पाहिलं नव्हतं. त्या काळी तिखटासाठी मिरी आणि पिंपळी. आपल्या ताटातली वरी, सुरण, शिंगाडा, दही, तूप ही जुनी मंडळी. खिचडीत मात्र तूप-जिरं सोडलं तर जवळजवळ सगळा माल समुद्र ओलांडून आलेला आहे.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे हळद आणि मोहरी इथे हजारो वर्षं नांदताहेत, तरी आपल्या घरी उपवासाला चालत नाहीत. कोथिंबिरीवरून तर घरोघरी वाद. आणि कालपरवा आलेली मिरची बिनधास्त चालते! माझ्या मते याचं कारण साधं आहे. धान्य नको, कंदमुळं-फळं चालतील, एवढाच मूळ नियम होता. नवे कंद आले, ते धान्य नाहीत हे बायकांनी ओळखलं आणि त्यांना स्वयंपाकघरात घेतलं. कुणी ग्रंथ लिहिला नाही की सभा भरवली नाही. हा शहाणपणा मला फार मोठा वाटतो. ‘आपली परंपरा म्हणजे बाहेरचं काही नको’ असं कुणी तावातावाने म्हणालं की मला खिचडीची वाटी त्याच्यापुढे ठेवाविशी वाटते.

शेंगदाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, सोलापूरकराला तो हक्कच आहे. भुईमुगाचं फूल जमिनीच्या वर फुलतं, पिवळं, इवलंसं. फलधारणा झाली की त्याच्या बुडाशी आरी, म्हणजे टोकदार देठ, फुटते. ती सुतळीएवढी जाड आरी वाकून खाली येते, मातीत घुसते आणि तिच्या टोकाला अंधारात शेंग धरते. म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी जमीन भुसभुशीत लागते आणि शेतकरी पिकाला मातीची भर देतात. इराला कुंडीत चार दाणे लावून दे. टरफल फोडलेले पण न भाजलेले घे. आरी मातीत शिरताना तिने स्वतः बघावी.

आणि हे ऐक. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान नावाचं गाव आहे. तिथे १९८७ साली वॉल्टर आल्वा या पुरातत्त्वज्ञाला मोचे संस्कृतीतल्या एका सरदाराची न लुटलेली कबर सापडली, सुमारे १७०० वर्षांपूर्वीची. त्याच्या गळ्यात शेंगांची माळ होती. दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या, सोन्याच्या उजवीकडे आणि चांदीच्या डावीकडे. टरफलावरच्या रेघा आणि मधली कंबरसुद्धा घडवलेली. फोटो बघितला तेव्हा मी कितीतरी वेळ बघतच राहिलो. ज्या शेंगा आपण एसटीत टरफलं उडवत खाल्ल्या, त्या कुणीतरी सोन्यात घडवून सरदारासोबत पुरल्या होत्या.

राजगिऱ्याची गोष्टही तितकीच मोठी. मेक्सिकोत ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक कालवून देवाची मूर्ती करायचे, आणि सणाच्या शेवटी ती मोडून तुकडे प्रसादासारखे वाटून खायचे. १५२१ साली स्पॅनिशांनी तो मुलूख जिंकला, त्यानंतर त्यांच्या पाद्र्यांना ही आपल्या धर्मविधीची विटंबना वाटली. त्यांनी ते पूजाविधी बंद पाडले आणि पीकही मागे पडलं. पण खाऊ टिकला. लाह्या फोडून, तिकडच्या गुळाच्या पाकात घोळून वड्या थापतात, वर शेंगदाणे लावतात. नाव ‘आलेग्रिया’. हुबेहूब आपली राजगिऱ्याची वडी! तुमच्या ह्यूस्टनमध्ये मेक्सिकन दुकानं पुष्कळ आहेत. एक वडी आणून आईच्या वडीशेजारी ठेव, आणि इराला ओळखायला सांग.

ह्यूस्टन म्हणजे नासाच्या अंतराळवीरांचं गाव, त्यावरून आठवलं. हे पदार्थ आता अंतराळातही जाऊन आले. १९९५ साली कोलंबिया या अंतराळयानातून बटाट्याच्या पानांचे तुकडे नेऊन त्यांवर छोटे बटाटे धरवले होते. आणि २०२१ साली अंतराळ स्थानकात मिरचीची झाडं वाढवली. ऑक्टोबरअखेर पहिली तोडणी झाली, आणि मेगन मॅकआर्थर या अंतराळवीर बाईंनी त्या मिरच्या घालून टाको केले. अंतराळवीरांना मिरचीची ओढ असते त्याला कारण आहे. वजनरहित अवस्थेत अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं आणि जेवण मिळमिळीत लागतं. मिरचीचा झणका मात्र नाकावर अवलंबून नसतो. तिच्यातलं कॅप्सेसिन तोंडातल्या चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच जाऊन भिडतं. पक्ष्यांना तो झणका जाणवत नाही. म्हणून ते मिरच्या मजेत खातात आणि बिया लांबवर टाकून येतात.

शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, श्रावणात तिकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो. आलेग्रिया मिळाली की चव कळव, आणि त्यात गूळ जास्त असतो की कमी, हे आईने मुद्दाम विचारायला सांगितलंय. वहिनींना नमस्कार, इराला अनेक आशीर्वाद.

तुझा,
संजय