अक्का आणि आब्ला

विटा, जि. सांगली

चि. लेकीस आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि मला काही झोप येईना. म्हणून उठून कागद घेतला. दादा सकाळी फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार, मला नको.

तिथं जर्मनीत तुमच्या भाषेच्या वर्गातली ती तुर्की बाई म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडं मी येते सोबत. आणि तू म्हणालीस, नको. वर मला सांगतेस, "आई, कशाला कुणाचे उपकार?" आणि त्याच फोनवर पुढं म्हणतेस, चार साडेचारला अंधार पडतो, हे ऑफिसातून येईपर्यंत बोलायला माणूस नाही.

उपकार नकोत हे माझंच वाक्य आहे गं. १९९४ साली मी कोइमतूरात हेच म्हणत बसले होते.

आपल्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईला, सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, कुठं कुठं गेली ते तुला माहीतच आहे. तुझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गेले, सोनारांच्या दुकानातला केर, राख विकत घेऊन त्यातून सोनं काढायला शिकले. (आता टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलंय, पण गेलेली पोरं काही परत आली नाहीत.) मी लग्न होऊन गेले ती थेट भट्टीच्या वरच्या खोलीत. खाली नायट्रिक अ‍ॅसिड ओतलं की तांबूस धूर वर चढायचा. खिडकी लावली तर उकाडा, उघडली तर ठसका. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं.

आपल्याकडच्या बायका नव्हत्या असं नाही. पाच-सहा जणी होत्या, महिन्याला भिशी असायची. पण खरं सांगू? भिशीत बोलणं एकच, गावाकडं कुणाच्या बंगल्यावर दुसरा मजला चढला. आपल्या भाषेत बोलली म्हणजे बाई आपली होते असं नाही. तुझ्या तिथल्या मंडळाच्या गणपतीला जा, मोदक खा, पण तिथं मैत्रीण मिळाली नाही म्हणून रडत बसू नकोस.

शेजारी एक तमिळ बाई राहायची. पहाटे दारात तांदळाच्या पिठाचे ठिपके टाकून कोलम काढायची. मी वरून बघायची. तिनं बघताना बघितलं आणि हातानंच खाली बोलावलं. मी गेले नाही. तिनं इडल्या पाठवल्या, मी ताटली घासून परत केली. रिकामी! विट्यात असं कुणी केलं असतं तर माझ्या आईनं चार दिवस बोलून दाखवलं असतं. पण मला वाटायचं, एकदा घेतलं की देत बसावं लागेल, आणि माझ्याकडं होतं काय? चार महिने असे गेले.

मग तू पोटात राहिलीस. एकदा जिन्यात चक्कर आली, मी तिथंच बसले आणि तोंडातून गेलं, "आक्काऽ". मी आपली माझ्या थोरल्या बहिणीला हाक मारली होती. पण तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला कुठं ठाऊक? शेजारीण धावत आली. तिला वाटलं, मी तिलाच बोलावलं. मीही सांगितलं नाही कधी.

सातव्या महिन्यात तिनं माझं वळैकाप्पू केलं, आपल्या डोहाळजेवणासारखं. माझी आई येऊ शकली नव्हती, गुरं कुणावर टाकणार? अक्कानं मला पाटावर बसवून दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या चढवल्या, लाल, हिरव्या, लाल, हिरव्या, पार कोपरापर्यंत. दोन फुटल्या, तिनं काचा पदरात गोळा केल्या. पोटातल्या बाळाला त्यांचा आवाज ऐकू जातो म्हणतात. म्हणजे तू पहिल्यांदा काय ऐकलंस ते आता कळलं. पुढं मी बाळंतपणाला विट्याला आले, तर गाडीत सगळे माझ्या हातांकडं बघत होते.

त्या दिवशी तिला द्यायला माझ्याकडं फक्त कांदा-लसणाची चटणी होती. अर्धी बरणी दिली. डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली तिनं.

तुम्ही त्या कोर्सला ६०० तास भाषा शिकणार आणि १०० तास त्यांचा कायदा, इतिहास. सातशे तास एका बाकावर! ती तुर्की बाई, ती सीरियाची, तू, सगळ्या सारख्याच तुटक्या जर्मनमध्ये बोलणार. कुणाची चूक कुणी काढायची? मला नि अक्काला तर तेवढंही नव्हतं.

आणि ती म्हणाली ना, "मला आब्ला म्हण"? मी आधी अबला ऐकलं आणि म्हटलं, बारा वर्षं परक्या देशात एकटीनं तीन पोरं वाढवणारी बाई स्वतःला अबला का म्हणवते! मग तू सांगितलंस, त्यांच्यात आब्ला म्हणजे थोरली बहीण. मी एकटीच हसत बसले.

तर तिला उद्याच सांग, डॉक्टरकडं चल म्हणून. आणि जावईबापूंचे मित्र डिसेंबरात इकडं येणार आहेत, त्यांच्यासोबत चटणी देते. काचेच्या बांगड्याही देईन, कापसात गुंडाळून. तिच्या हाताचं माप दोन सहा आहे की दोन आठ, ते विचारून कळव. विचारायला जर्मन सुचलं नाही तर तुझीच एक बांगडी तिच्या हातात चढवून बघ.

तुझी आई