एच-इंडेक्स छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगावर काम करणाऱ्या एखाद्या गोमंतकीय संशोधकाचा सत्कार झाला की बातमीत हल्ली एक वाक्य ठरलेले असते: शोधनिबंध इतके, सायटेशन इतके हजार, एच-इंडेक्स अमुक. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असताना प्राध्यापकांच्या बढतीच्या अर्जांसाठी हेच आकडे काढून देण्याचे काम माझ्याकडे असे, म्हणून त्यांविषयी चार शब्द लिहीत आहे. सत्काराला माझी हरकत नाही. पण बातमी संपूर्ण वाचूनही त्या व्यक्तीने नेमके काय शोधले हे कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

सायटेशन म्हणजे एका निबंधाचा दुसऱ्या निबंधात झालेला उल्लेख. एच-इंडेक्स ही होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेली मोजणी आहे. तो ४० असेल तर त्या संशोधकाच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० उल्लेख मिळाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कर्करोगाच्या क्षेत्रात मात्र हे आकडे जपून वाचावे लागतात. रोगांचा जागतिक भार मोजणाऱ्या अहवालांवर शेकडो सहलेखकांची नावे असतात, अशा एकेका निबंधाला हजारो उल्लेख मिळतात आणि ते सगळेच्या सगळे प्रत्येक सहलेखकाच्या खात्यात जमा होतात. एच-इंडेक्स मात्र अशा एका निबंधाने फार तर एकाने वाढतो. तेव्हा एकूण उल्लेख डोंगराएवढे आणि एच-इंडेक्स बेताचा असे दिसले, तर लेखकांच्या यादीत नाव कितवे आहे ते पाहावे. वैद्यकीय निबंधात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे व शेवटचे गटप्रमुखाचे असते. मधल्यांचा वाटा बाहेरच्याला सांगता येत नाही.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात तो आकडा, सांगून संशोधकाचे मोठेपण ठरवणे तर आणखी फसवे. ‘सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स’चा इम्पॅक्ट फॅक्टर जगातील सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी एक आहे. त्याचे मोठे कारण म्हणजे तेथे दरवर्षी छापली जाणारी कर्करोगाची आकडेवारी. आपल्या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात जो तो तिचा हवाला देतो. उल्लेख भरपूर म्हणजे निष्कर्ष पक्का, असेही नाही. ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी २०१२ साली ‘नेचर’मध्ये लिहिले की, अॅमजेन या औषध कंपनीतील शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ गाजलेले निबंध पडताळून पाहिले, त्यांतील केवळ ६ निबंधांचे निष्कर्ष टिकले. न टिकलेल्यांनाही उल्लेखांची ददात नव्हती!

याउलट एकच निबंध किती पुरतो, याचे उदाहरण परळच्या टाटा मेमोरियलमधले आहे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असताना मानेतील गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की त्या दिसू लागेपर्यंत थांबावे, हा शल्यविशारदांमधला जुना वाद. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट पाडून तो तपासला आणि २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष दिला: आधीच गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तंबाखू चघळणाऱ्या आपल्या देशात या साडेबारा टक्क्यांची किंमत कोणत्याही निर्देशांकात मावत नाही. कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांचे २००पेक्षा अधिक निबंध प्रसिद्ध झाले, पण एच-इंडेक्स जन्मला तेव्हा त्या हयात नव्हत्या. म्हणून त्यांचे काम कोणी मोजले नव्हते असे थोडेच आहे?

थोडे विषयांतर करतो, पण आपल्या गोव्याचे आहे. दा. ध. कोसंबी हे गणिती. त्यांनी १९४०च्या दशकात जनुकांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. ते त्यांच्याच नावाने आजही वापरात आहे, इतके रुळलेले की कित्येकजण मूळ निबंधाचा हवाला देण्याची तसदी घेत नाहीत. म्हणजे काम पूर्णपणे मुरले की सायटेशन उलट कमी होते.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की, संशोधकाला त्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या कोणत्या निबंधामुळे कोणता उपचार बदलला किंवा कोणती समजूत चुकीची ठरली? पेशींवर मूलभूत काम करणाऱ्याकडे उपचाराचे उत्तर नसेल, पण आपण कशाच्या मागावर आहोत हे तो चार वाक्यांत सांगू शकेल. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा मुंबईत आपल्या माणसावर उपचार करून घेणारे वाचक अशी बातमी कात्रण काढून ठेवतात. त्यांना निदान कोणत्या अवयवाच्या कर्करोगावर काम झाले आहे एवढे तरी त्यातून कळावे. आणि एच-इंडेक्स छापायचाच असेल तर तो उल्लेखांची नोंद ठेवणाऱ्या गूगल स्कॉलरवरून घेतला की स्कोपसवरून, आणि कोणत्या तारखेला, हेही द्यावे. एकाच व्यक्तीचे या दोन ठिकाणचे आकडे सहसा जुळत नाहीत आणि गूगलचा बहुधा मोठा असतो.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल,
फोंडा